जुन्या शब्दांची नवी चाकरी

मराठी भाषा दरिद्री आहे, नव्या वस्तूंस देण्याजोगे शब्द तिच्यापाशी नाहीत, अशी तक्रार सुशिक्षितांच्या बैठकीत वरचेवर ऐकू येते. आणि मौज अशी की, ही तक्रार करणारा मनुष्य बहुधा इंग्रजी शिकलेला असतो. इंग्रजीपाशी प्रत्येक नव्या वस्तूकरिता नवाकोरा शब्द तयार असतो अशी त्याची समजूत झालेली असते. आम्ही इंग्रजी वाङ्मय शिकविण्यात आयुष्याची पुष्कळ वर्षे घालविली आहेत, आणि तेवढ्या अधिकाराने असे म्हणावयास हरकत नाही की, ही समजूत निराधार आहे. इंग्रज मनुष्य नवी वस्तू घरी आणतो तेव्हा तिच्यासाठी नवा शब्द घडवीत बसण्यापेक्षा माळ्यावरचा एखादा जुना शब्द खाली काढतो, झटकतो आणि कामास लावतो. पुष्कळदा त्या शब्दाचा जुना धनी मरून गेलेला असतो. शब्द मात्र नव्या धन्याची चाकरी बिनतक्रार करू लागतो.

याचा पडताळा पाहण्यास विलायतेस जाण्याचे कारण नाही. रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर हे दोन शेजारी तालुके त्यास पुरेसे आहेत. हा मुलूख बोरघाटाच्या पायथ्याशी वसलेला. तेव्हा मुंबई आणि पुणे यांस जोडणारी जी जी नवी वस्तू निघाली, तिला याच अंगणातून जावे लागले. १८३० साली घाटातून गाडीरस्ता झाला. १८५६ साली आगगाडी खोपोलीस येऊन थांबली. १९१५ साली खोपोलीस वीज निर्माण होऊ लागली. आणि चालू शतकाच्या आरंभी द्रुतगती मार्ग आला. प्रत्येक वस्तूने आपल्याबरोबर शब्दांचे बिऱ्हाड आणले. त्या बिऱ्हाडांची विचारपूस करण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम आगगाडी. लोहमार्ग १८५६ साली घाटाखाली खोपोलीपर्यंत आला आणि १८५८ साली घाटावर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत सुरू झाला. मधला घाट तेवढा राहिला. तो १८६३ साली फुटेपर्यंत उतारूंनी खोपोलीस गाडीतून उतरावे, पालखीत, तट्टावर किंवा बैलगाडीत बसून घाट चढावा, आणि वर पुन्हा गाडी धरावी असा क्रम होता. जुने वाहन आणि नवे वाहन यांची अशी गळाभेट क्वचितच पाहावयास मिळाली असेल. शब्दांचीही तशीच झाली. ‘ट्रेन’ म्हणजे मूळचा झग्याचा जमिनीवरून ओढत जाणारा घोळ. ‘कोच’ हे हंगेरीतील एका खेड्याचे नाव. तेथे चांगल्या घोडागाड्या होत असत. ‘इंजिन’ या शब्दाचा अर्थ चौदाव्या शतकात, चॉसर कवीच्या काळी, बुद्धी, युक्ती, आणि प्रसंगी कपट असा होता. ‘स्टेशन’ म्हणजे उभे राहण्याची जागा. ते लॅटिन आणि आपले ‘स्थानक’ ही दोन्ही एकाच धातूची लेकरे. या यादीत आगगाडी निघाल्यावर जन्मलेला शब्द एकही नाही.

सर्वांत गमतीची कथा ‘गार्ड’ साहेबांची. इंग्लंडात १७८४ साली टपाल वाहणाऱ्या घोडागाड्या सुरू झाल्या, तेव्हा वाटमाऱ्यांपासून थैल्यांचे रक्षण करण्यासाठी त्यांच्या मागल्या बाजूस एक बंदूकधारी मनुष्य बसवीत. घोडे गेले, वाटमारे गेले, बंदूकही गेली. पण गाडीच्या शेपटाशी बसणारा मनुष्य ‘गार्ड’च राहिला. २०२२ साली आपल्या रेल्वेने हे नाव जुनाट ठरवून त्यास ‘ट्रेन मॅनेजर’ अशी पदवी दिली. आता ‘मॅनेजर’ हा शब्द ज्या क्रियापदापासून निघाला, त्याचा मूळ अर्थ घोड्यास हाताळणे, त्यास शिकवून तयार करणे, असा आहे. म्हणजे घोडागाडीतून आलेल्या शब्दास निरोप देऊन त्याच्या जागी पागेतून आलेला शब्द बसविण्यात आला! नवेपणाचा हव्यास धरणारास भाषा अशी गालातल्या गालात हसते.

कर्जतचा म्हणून जो खास शब्द आहे तो ‘बँकर’. कर्जतच्या पुढे घाटाचा चढ दर ३७ फुटांस १ फूट इतका खडा आहे. तेव्हा गाडीस मागून रेटण्यासाठी कर्जतला जादा इंजिने लावितात, त्यांस बँकर म्हणतात. आमच्या एका स्नेह्यांनी ‘मागे बँकर लागले आहेत’ हे वाक्य प्रथम ऐकले तेव्हा कोणा कर्जबाजारी गृहस्थाची त्यांस कीव आली होती. वस्तुतः रेल्वेच्या इंग्रजीत ‘बँक’ म्हणजे चढ, मातीचा उंचवटा. आणि पैशाची बँक म्हणजे सराफाचे बाक. दोन्ही शब्द मुळात एकाच कुळातले. एक भाऊ घाटात ढकलण्याचे काम करतो, दुसरा शहरात व्याज खातो. एवढाच काय तो भेद.

हे झाले इंग्रजांचे. आता आपल्या लोकांनी काय केले ते पाहू. येथे आम्ही ‘आपले लोक’ म्हणतो ते शाळेत न गेलेल्या लोकांस उद्देशून. कारण या बाबतीतील पराक्रम त्यांचाच आहे. समोर धूर ओकीत अजस्र यंत्र येऊन उभे राहिले, तेव्हा त्यांनी क्षणभरही न गोंधळता त्यास ‘गाडी’ म्हटले. ज्या शब्दात कालपर्यंत बैल जुंपलेले होते, त्याच शब्दात त्यांनी आग जुंपली आणि ‘आगगाडी’ केली. खेडोपाडी ती ‘आगीनगाडी’ झाली. माणसे बसण्याच्या खोलीस त्यांनी ‘डबा’ म्हटले. स्वयंपाकघराच्या फळीवरचा हा शब्द दीडशे वर्षे माणसांची वाहतूक करीत आहे, आणि त्या डब्यात बसून आपला डबा उघडणाऱ्यास त्यात काही विसंगत वाटत नाही. पुढे १९२९ साली कल्याणपासून पुण्यापर्यंत विजेची इंजिने धावू लागली; आगगाडीतील आग विझली, तरी शब्द विझला नाही.

त्याच सुमारास बोरघाटात मालगाड्या ओढण्यासाठी विजेची एक विचित्र आकाराची इंजिने आली. मधे चौकोनी खोली, पुढेमागे दोन लांब सोंडी, सांध्यांत वाकणारे अंग आणि चाकांना जोडलेले पायांसारखे दांडे. त्यांची मूळ जात स्वित्झर्लंडमधील. तिकडील लोकांनी तिला ‘मगर’ हे नाव दिले होते. आमच्या रेल्वेतल्या माणसांनी मगर पाहिली नसेल; त्यांनी शेताच्या बांधावर आणि ओढ्याच्या दगडाखाली जे पाहिले होते ते नाव दिले: ‘खेकडा’. सरकारी दप्तरात या इंजिनांस अक्षरे आणि आकडे यांचा एक रुक्ष क्रमांक होता. तो आज रेल्वेच्या शौकिनांखेरीज कोणास ठाऊक नाही. इंजिने संग्रहालयात गेली, खेकडा मात्र लोकांच्या बोलण्यात आहे. ज्या मनुष्यास हे नाव सुचले त्याची कोणत्याही शब्दसमितीवर नेमणूक झालेली नव्हती.

तीच गोष्ट विजेची. घाटमाथ्यावर लोणावळ्याच्या आसपास तळी बांधून त्यांचे पाणी नळांतून सतराशे फुटांहून अधिक खाली खोपोलीस सोडावे, आणि त्या पाण्याच्या जोरावर मुंबईच्या गिरण्या चालवाव्यात, अशी टाटांची योजना. ती १९१५ साली फळास आली. या अद्भुत शक्तीस पाश्चात्य पंडितांनी दिलेले नाव ‘इलेक्ट्रिक’. ग्रीक भाषेत अंबर नावाच्या पिवळ्या राळेस जो शब्द आहे त्यापासून ते निघाले; कारण अंबर घासले असता काडीकचरा ओढून घेते. विल्यम गिल्बर्टने १६०० साली आपल्या लॅटिन ग्रंथात तो शब्द योजिला. म्हणजे पंडितांची उडी राळेच्या खड्यापर्यंत गेली. आपल्या माणसाने मात्र वर पाहिले आणि आकाशातील वीज उचलून तारेत घातली. बोरघाटावर आषाढात कडाडणारी तीच ही, असे त्याने एका शब्दात सांगितले. आणि शास्त्रदृष्ट्या ते खरेही होते. त्या विजेने पेटणाऱ्या काचेच्या गोळ्यास तो ‘दिवा’ म्हणाला. त्यात तेल नाही, वात नाही, ज्योत नाही. तरी तिन्हीसांजेस ‘दिवा लाव’ असेच आपण म्हणतो, आणि कळ दाबून हात जोडणारी वडील माणसे अद्यापि आपल्या घरांत आहेत. शब्दाबरोबर संस्कारही नव्या वस्तूत कसा येऊन राहतो, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

मग सुशिक्षितांनी काहीच केले नाही काय? केले, आणि त्याचा उपहास करणे अन्यायाचे होईल. शब्द घडविण्याची आपली परंपरा शिवकालीन राज्यव्यवहारकोशाइतकी जुनी आहे. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी दिलेले ‘महापौर’, ‘चित्रपट’, ‘दिनांक’ हे शब्द आज आपण घरचेच समजून वापरतो. १९४८ साली सुरू झालेल्या एस. टी.ने तर या बाबतीत मोठे शहाणपण दाखविले. भाडे मोजण्यासाठी तिने डाकेच्या काळचा ‘टप्पा’ घेतला. गाडीच्या जाण्यायेण्यास भिक्षेकऱ्याची आणि फेरीवाल्याची ‘फेरी’ दिली. कोठारवाचक संस्कृत ‘आगार’ गाड्यांच्या मुक्कामास दिले. हे शब्द टिकले, कारण ते तोंडात मावतात आणि त्यांत जुन्या अर्थाचा ओलावा आहे. उलट ‘द्रुतगती मार्ग’ पाहा. अर्थ चोख, व्याकरण निर्दोष. परंतु खालापूरच्या फाट्यावर उभा राहणारा कोणताही मनुष्य ‘द्रुतगती मार्गाने आलो’ असे म्हणत नाही. तो ‘एक्सप्रेस’ म्हणतो, नाहीतर ‘हायवे’. त्याच फाट्यावर तीन चाकांच्या मोटारीस तो ‘टमटम’ म्हणतो. एका घोड्याच्या जुन्या टमटमीचे नाव त्याने रिकामे पडू दिले नाही. पाटीवरचा शब्द आणि तोंडातला शब्द यांत एवढे अंतर पडावे, याचे कारण भाषेचे दारिद्र्य नव्हे. जुन्या, साध्या, मळकट शब्दास नव्या, चकचकीत वस्तूजवळ बसविण्याचा आम्हां शिकलेल्यांस संकोच वाटतो, हे होय. ‘डबा’ हा शब्द आज एखाद्या समितीपुढे आला असता तर आमच्यासारख्या प्राध्यापकांनीच तो ग्राम्य म्हणून फेटाळला असता.

येथवर जे सांगितले ते जुन्या शब्दांच्या कौतुकाचे झाले. परंतु खालापूरचा टोलनाका ओलांडला की या गोष्टीची दुसरी बाजू दिसू लागते. ‘टोल’ हा इंग्रजीतला फार पुरातन शब्द. चॉसरचा लबाड गिरणीवाला दळणातून आपला हिस्सा तिप्पट काढून घेई, त्या हिश्शासही टोल हाच शब्द होता. आपल्या कानास टोल म्हणजे घड्याळाचा ठोका. आणि त्याला आपण ‘नाका’ जोडून संसार थाटून दिला. तेथवर ठीक. शेजारीच ‘फूड मॉल’ आहे. ‘मॉल’ म्हणजे मूळचा मोगरीने चेंडू टोलविण्याचा एक खेळ. मग लंडनमधील तो खेळण्याची लांबट जागा. मग झाडांच्या सावलीतील फिरण्याचा रस्ता. आणि गेल्या शतकात अमेरिकेत दुकानांची वसाहत. प्रत्येक पायरीस शब्दाने थोडा अर्थ टाकला. खालापुरास पोचेपर्यंत खेळ गेला, सावली गेली, पायी फिरणेही गेले. राहिला तो मोटारी उभ्या करण्याचा तळ आणि बटाटेवडा. खोपोलीपासून कुसगावपर्यंत बोगदे आणि पूल बांधून घाटाचे वळण चुकविणारा जो रस्ता योजण्यात आला, त्याचे नाव ‘मिसिंग लिंक’. डार्विनचा ग्रंथ १८५९ साली निघाल्यानंतर वानर आणि नर यांमधील न सापडलेल्या प्राण्यास उद्देशून हे शब्द घरोघर झाले; जीवशास्त्रज्ञ आता ते वापरणे टाळतात. शास्त्राने टाकलेला शब्द स्थापत्याने उचलला. यात हसण्याजोगे पुष्कळ आहे, रडण्याजोगे काही नाही.

मात्र ‘फार्म हाऊस’ या शब्दाशी आल्यावर आमचे हसणे थांबते. कर्जत तालुक्यात कोणत्याही दिशेस जा, भाताच्या खाचरांमधून कुंपणे उठलेली दिसतात आणि फाटकावर हा शब्द असतो. ‘फार्म’ याचा इंग्रजीतला मूळ अर्थ शेत नव्हे; ठरावीक रक्कम, मक्ता, खंड असा होता. मक्ता घेऊन वसूल करणारा तो ‘फार्मर’. त्या अर्थाने आमच्या कोकणातला खोत हा खरा फार्मर, आणि राबणारे कूळ निराळे. पुढे इंग्रजीत तो शब्द मक्त्यावरून मक्त्याच्या जमिनीवर, आणि तेथून जमीन कसणाऱ्यावर आला. येथे १९४९ च्या कायद्याने खोती गेली, आणि कूळकायद्याप्रमाणे १९५७ च्या १ एप्रिलपासून कसणारा मालक ठरू लागला. इंग्रजी शब्दाला जो प्रवास करावयास काही शतके लागली, तो आपल्या कायद्याने काही वर्षांत करून दाखविला. आता तोच शब्द उलट पावली चालू लागला आहे. फार्म आहे, पण धान्य नाही. मालक आहे, पण तो शनिवारी येतो आणि रविवारी जातो.

शेजारच्या ‘व्हिला’ या शब्दाची कथा तर याहून बोलकी. लॅटिनमध्ये व्हिला म्हणजे शेतीवाडीचे घर. त्यापासून ‘व्हिलेज’ म्हणजे खेडे निघाले. आणि त्या घरच्या जमिनीवर राबणाऱ्या मनुष्यास जो शब्द होता त्यापासून ‘व्हिलन’ निघाला. घराचे नाव चढत चढत वैभवास पोचले. राबणाऱ्याचे नाव घसरत घसरत खलपुरुषाचे झाले. आपल्याकडेही ‘गावठी’ म्हणजे अडाणी असा अर्थ शहरी मनुष्याने केलाच होता. गंमत एवढीच की, त्याच मनुष्याच्या कर्जतच्या मुक्कामात ‘गावठी कोंबडी’ हा सर्वांत महाग पदार्थ असतो.

अशाच एका परिचिताच्या फार्म हाऊसवर आम्ही पाहुणे म्हणून गेलो होतो. फाटकावर एक ठाकूर समाजाचे म्हातारे गृहस्थ राखणीस होते. येथे पूर्वी काय होते, असे आम्ही सहज विचारले. ते म्हणाले, “आधी हितं शेत व्हतं. आता फारम झालंय.” आम्ही वर्गात ज्या दोन शब्दांस समानार्थी म्हणून शिकवितो, ते त्यांच्या तोंडी विरुद्धार्थी होते, आणि आमच्या कोशापेक्षा त्यांचा अर्थ अधिक अचूक होता.

याहून अवघड गोष्ट ‘शेतकरी’ या आपल्याच शब्दाची. आपल्या कायद्याप्रमाणे शेतजमीन, काही परवानग्या आणि अपवाद सोडता, शेतकऱ्यालाच विकत घेता येते. उद्देश उघड आहे: जमीन कसणाऱ्याच्या हातून जाऊ नये. परंतु शेतकरी कोण, हे ठरते कागदावर. आजोळच्या किंवा पूर्वजांच्या गावातील सात-बाराच्या उताऱ्यावर कोठेतरी नाव असले, की नांगर कोणत्या बाजूने धरतात हे ठाऊक नसलेला मनुष्यही शेतकरी असतो. आणि त्याच खाचरात पिढ्यान् पिढ्या लावणी करणाऱ्या कातकऱ्याच्या नावे उतारा नसला, तर तो शेतकरी नसतो. येथे जुना शब्द नव्या वस्तूस दिलेला आहे खरा, पण खेकड्याप्रमाणे ओळख पटविण्यासाठी नव्हे. येथे शब्द जुनाच ठेवल्यामुळे वस्तू बदलल्याचे कोणाच्या ध्यानात येत नाही.

यावरून आम्हांस जो नियम दिसतो तो थोडक्यात असा. जुना शब्द नव्या वस्तूवर ठेवावा, अवश्य ठेवावा. त्यात भाषेचा कमीपणा नाही, उलट जिवंतपणा आहे. डबा, दिवा, टप्पा, खेकडा हे शब्द नवी वस्तू आपल्या घरात आणतात. मात्र तो शब्द वस्तूवर उजेड पाडतो की पांघरूण घालतो, हे प्रत्येक वेळी पाहिले पाहिजे. हा भेद करण्यास व्युत्पत्तिशास्त्र लागत नाही. त्या जागी पूर्वी काय होते हे ज्याने डोळ्यांनी पाहिले आहे, त्यास विचारले म्हणजे पुरते.

कर्जतच्या कृषी संशोधन केंद्रातून भाताच्या ज्या जाती निघाल्या त्यांस ‘कर्जत-३’, ‘कर्जत-७’ अशी नावे आहेत, आणि त्या नावांनी ते बी शेतकऱ्यांच्या घरी पोचले आहे. तालुक्याचे नाव धान्यास मिळावे यापेक्षा मोठा मान त्या नावास कोणता? आमची इच्छा एवढीच आहे की, पुढे कधी कोणी ‘कर्जत’ हा शब्द कोशात पाहील, तेव्हा त्यापुढे ‘भाताची एक जात’ हा अर्थ चालू अर्थ म्हणून असावा. जुना अर्थ म्हणून नसावा.